डुक्करगाडीची जाळी

गाडी माझ्या माहेरची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मी स्वतःला ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

माझे वडील मुरबाडच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची गाडी पन्नासच्या सुमाराची, इटालियन बनावटीची, चार दारांची, गोल पाठीची. नाक असं पुढे आलेलं की सगळा तालुका तिला डुक्करगाडी म्हणायचा. डॉक्टर गेले, त्यांची मुलं शहरात राहिली आणि गाडी पेंढ्याच्या खोपीत उभी राहिली. नव्वदनंतर कधीतरी त्यांचा थोरला मुलगा वडलांना म्हणाला, "काका, तुम्हीच घेऊन जा हिला, नाहीतर भंगारात जाईल." वडलांनी ती बैल जुंपून घरी ओढत आणली, आणि वर्षभरात तेही गेले. माझं लग्न तोवर शहापुरात झालं होतं. भाऊ म्हणाला, "तुज्या नवऱ्याचं गॅरेज हाये, तूच ने." म्हणून ती माझ्यामागून सासरी आली, ट्रकवर बसून.

आली तेव्हा तिला पुढची जाळी नव्हती. नाकाच्या जागी नुसतं भोक. डॉक्टरांच्या गड्याने ती काढून कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली होती, आणि ते खुराडं केव्हाच मोडून गेलं होतं.

आमचं गॅरेज डोळखांबच्या रस्त्याला. काळ्यापिवळ्या जीपा आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर माणसं घेऊन निघणारे ट्रक, हे आमचं गिऱ्हाईक. रविवारी कुणी फिरकत नसे. त्या दिवशी हे डुक्करगाडीचं काम काढायचे. 'हे' म्हणजे माझे यजमान. दहावीपर्यंत शिकलेले, इंग्रजीशी कायमचं वैर, पण हात विलक्षण. पत्रा त्यांचं ऐकायचा.

रविवारच्या पहिल्या एसटीने मुरबाडहून चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर यायचे. माझ्या वडलांचे मित्र. मुंबईच्या रद्दीवाल्यांकडून ते परदेशी मोटारींची जुनी मासिकं शोधून आणायचे. मोटार ही आधी कागदावरची रेघ असते आणि रेघ काढणाऱ्याचा हात लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या रेघा काढणाऱ्या माणसांची नावं आम्हा कुणालाच धड उच्चारता येत नव्हती, म्हणून मास्तरांनी त्यांना आपली नावं दिली होती. अमेरिकेतल्या ज्याने गाड्यांना मागे माशासारखे पर लावले, तो परवाला. इटलीतल्या ज्याच्या गाड्या अंगावर बेतून शिवल्यासारख्या दिसायच्या, तो शिंपी. फ्रान्समधल्या एकाच्या गाड्या मागे थेंबासारख्या निमुळत्या व्हायच्या, तो थेंबवाला. ऑइलच्या रिकाम्या डब्यांवर बसून आम्ही तिघं शिंपी मोठा की परवाला यावर अगदी हमरीतुमरीवर यायचो. परवाल्याने सगळं बिघडवलं असं माझं मत होतं. अजून आहे.

मास्तर एक खेळ खेळायचे. मासिकातल्या फोटोवर पोस्टकार्डं ठेवून गाडी झाकायची, फक्त छपराची रेघ उघडी ठेवायची आणि विचारायचं, हात कुणाचा? यांना क्वचित यायचं. मला जवळपास नेहमी यायचं. मग हे मास्तरांना म्हणायचे, "बघा हिचा डोला. बापाचा डोला घेऊन आलीय." या एका वाक्यासाठी मी रविवारचं घरकाम शनिवारीच उरकून ठेवायची.

दोन हजार सालानंतर मी कोर्टाजवळ टायपिंग आणि कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. फोनच्या तारेवरून कुंथत येणारं इंटरनेट तिथे आलं, आणि त्यातून जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे गट सापडले. देशभरची माणसं तिथे सुटे भाग विकायची. यांना इंग्रजी अडायचं, म्हणून वाचायचं काम माझं. त्यात लबाड माणसं भरपूर, हे मला लवकर कळलं. एकाने बंपरचा फोटो लावला होता, पत्ता सोलापूरचा आणि मागे गुडघाभर बर्फ. दुसऱ्याने एकच आरसा तीन नावांनी तीन ठिकाणी विकायला काढलेला. मी मग एक युक्ती काढली. विकणाऱ्याला लिहायचं, वस्तूशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठवा. निम्मे तिथेच गप्प व्हायचे. यांचा नियम ठरून गेला. कुणी काही सांगितलं तरी म्हणायचे, "हिला दाखवू. ही बोलली तर घेऊ, नाय तर नाय."

अशी माझी जागा होती. ती पाच वर्षं होती आणि मला वाटायचं ती कायमचीच आहे.

मग मॅडम आल्या.

मुंबईत कुठल्याशा कॉलेजात वस्तूंचे आराखडे काढायला शिकवायच्या. चाळिशीच्या, एकट्या, केस बारीक कापलेले. मुरबाडच्या पुढे घाटाच्या बाजूला जमिनीचा तुकडा घेऊन त्यांनी छोटं घर बांधलं होतं. त्यांचीही एक जुनी गाडी होती, ती तानशाच्या रस्त्यावर बंद पडली आणि कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. यांनी बॉनेट उघडलं, आणि मॅडमनी शेडमध्ये डोकावून आमची डुक्करगाडी बघितली. बघितली म्हणजे काय, पुढे जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओळखीच्या म्हशीवरून फिरवावा तसा. म्हणाल्या, "ही रेघ ज्याने काढली ना, त्याच्या गावात मी राहून आलेय."

पुढच्या रविवारी त्या डब्यावर बसल्या होत्या. माझ्या डब्यावर. मी चहा घेऊन बाहेर आले तर बसायला जागा नव्हती. यांनी लगेच एक टायर पुढे ढकलला, पण तो माझ्याकडे ढकलला, त्यांच्याकडे नाही.

त्यांनी शिंप्याचं खरं नाव सांगितलं, खऱ्या उच्चारात. ज्या लाकडी साच्यावर त्याच्या गाड्यांचा पत्रा ठोकायचे, तो साचा त्यांनी हाताने चाचपून पाहिला होता. मास्तर ऐकताना पहिलीतल्या पोरासारखे झाले. महिन्याभरात शिंपी, परवाला, थेंबवाला ही नावं आमच्या शेडमधून गेली. हे ती अवघड परदेशी नावं घोकून घोकून म्हणायला लागले. एकदा न्हाणीघरातून आवाज आला म्हणून मी कान दिला, तर हे शिंप्याचं नाव पाठ करत होते. आणि रविवारी सकाळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, माझ्यासाठी ते हात कधी कोपरापर्यंत धुतले गेले नव्हते.

मॅडम वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्याच होत्या. मला वहिनी म्हणायच्या, माझ्या नाचणीच्या भाकरीचं तोंडभर कौतुक करायच्या. भाकरीचं! माझ्या डोळ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यांना त्या पहिला महिना 'मिस्त्री' म्हणाल्या आणि मग सरळ नावाने हाक मारायला लागल्या. आमच्या घरात यांना नावाने हाक मारणारी एकच बाई होती, माझी सासू. मी तर उखाण्याबाहेर ते नाव कधी घेतलं नव्हतं. मॅडमनी ते हाक मारून घेतलं की मी चहाचं निमित्त काढून आत निघून जायची.

एका रविवारी मास्तरांनी पुन्हा पोस्टकार्डं काढली. मला बरं वाटलं. छपराची रेघ दिसली आणि मी म्हणाले, "शिंपी."

मॅडम हसून म्हणाल्या, "सगळ्यांना तसंच वाटतं, वहिनी. पण ही त्याच्या हाताखालच्या माणसाची आहे. नंतर तो वेगळा झाला. मागे बघा, काच जरा जास्त कलती आहे."

मास्तरांनी पोस्टकार्ड उचललं. खाली छापलेलं नाव दुसरंच होतं. मास्तर "वा!" म्हणाले. यांनी मान हलवली, आणि ती मॅडमकडे बघून हलवली. मी कपबशा गोळा करून आत गेले. सासूबाईंनी विचारलं, "काय गो, चेहरा का असा?" म्हटलं, धूर लागला.

जाळीची जाहिरात इंटरनेटवर मॅडमनीच शोधली. गडहिंग्लजकडचे एक म्हातारे मेकॅनिक, गॅरेज बंद केलेलं, घरात साठलेलं सामान पुतण्याच्या मदतीने विकायला काढलेलं. त्यात आमच्या गाडीला बसणारी पुढची जाळी होती, कारखान्यातली मूळची. मॅडम कागद हातात घेऊन धावतच शेडमध्ये आल्या. हे कागदाकडे बघत राहिले. दहा वर्षं जे भोक बघत होते ते भरणार होतं. तरीही म्हणाले, "हिला दाखवू. ही बोलली तर घेऊ."

हे वाक्य ऐकून तरी माझं मन निवायला हवं होतं. नाही निवलं. मला एवढंच दिसत होतं की गाडी माझी, बाप माझा, आणि तिला नाक मिळणार ते मॅडमच्या हातून. मग जन्मभर प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगणार, मॅडमनी शोधून दिली.

मी दुकानात बसून म्हाताऱ्यांना लिहिलं, आजचा पेपर ठेवून फोटो पाठवा. दुसऱ्याच दिवशी फोटो आला. ओट्यावर ठेवलेली जाळी, शेजारी त्या दिवशीचा पेपर, आणि कडेला त्यांचा अंगठा आलेला, नखात काळं ऑइल. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, "ताईसाहेब, वस्तू अस्सल हाय. डावीकडची एक पट्टी जरा वाकल्या, आधीच सांगतो." लबाड माणूस वाकलेली पट्टी आपणहून सांगत नाही. पाच वर्षांत इतकी खरी जाहिरात मी पाहिली नव्हती.

मी तो फोटो पुसून टाकला.

रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "फसवा वाटतो. फोटो मागितला, पाठवलाच नाही."

मॅडम म्हणाल्या, "खरं? मला तर तो माणूस साधा वाटला. एकदा फोन करून बघूया का?"

"मॅडम, तुम्हाला आमच्याकडची माणसं माहीत नाहीत," मी म्हणाले. "साधी बोलणारीच फसवतात."

मॅडम यांच्याकडे बघायला लागल्या. हे क्षणभरही थांबले नाहीत. "ही बोलली ना, मंग सोडा," म्हणाले, आणि पाना उचलून गाडीखाली गेले.

मी जिंकले होते. त्या दिवशी मी मॅडमना आग्रह करून दुसरी भाकरी वाढली.

म्हाताऱ्यांचं आणखी एक पत्र आलं, "ठेवू का ताईसाहेब? दुसरं गिऱ्हाईक हाय." मी उत्तर दिलं नाही. आठवड्याने शेवटचं आलं, "पुण्याच्या एकानं नेली. राग नसावा." राग नसावा म्हणे. तेही पुसलंच.

यांनी मग ठरवलं, जाळी आपण बनवायची. पट्ट्या कापायच्या, वाकवायच्या, एकेक घासून बसवायची. त्यासाठी खऱ्या मापाचं चित्र लागणार होतं. ते कोण काढणार? मास्तरांची नजर अधू झालेली. मॅडम म्हणाल्या, मी काढते. आणि रविवारी येणाऱ्या मॅडम बुधवारीही यायला लागल्या. पत्र्याच्या टेबलावर भला मोठा कागद, त्यावर दोघं वाकलेली, यांचं बोट एका रेघेवर आणि मॅडमची पेन्सिल त्याच रेघेवर. मी दुकान बंद करून आले की हेच दृश्य. आठ महिने. मी खोटं बोलले नसते तर जाळी पार्सलने आली असती, चार बोल्ट आवळले असते आणि विषय संपला असता. त्या दोघांना एका कागदावर मीच आणून बसवलं होतं. हे मला कळत होतं, आणि कळूनही राग मॅडमचाच येत होता.

यांच्या तळहाताची सालं निघाली. रात्री जेवताना ते भात चमच्याने खायचे. मी हळदतेल लावून द्यायची आणि लावताना विचार करायची की मॅडमनी हे हात बघितले असतील का.

जाळी झाली, बसली. दुरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. त्या हिवाळ्यात मॅडम पुण्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाऊन आल्या, आणि एका दुपारी, आडवारी, माझ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. वीज गेलेली, कॉम्प्युटर बंद, दुकानात आम्ही दोघीच.

"वहिनी, पुण्यात ती जाळी बघितली मी. आपल्या गाडीची असती ती," त्या म्हणाल्या. "मालक म्हणाला, गडहिंग्लजहून आणली. मी त्या म्हाताऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, शहापूरच्या एका ताईंना पेपर ठेवून फोटो पाठवला होता, पुढे त्यांचं काही उत्तरच आलं नाही."

मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते. त्या खाली सांडल्या. मी गोळा करायला वाकले ती बराच वेळ वर आलेच नाही.

"माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो."

त्या चिडल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी सांडलेली एक पिन उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

त्या गेल्यावर मी तशीच अंधारात बसले. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. पण हळूहळू लक्षात आलं की आता आमच्या नवराबायकोमधली एक गोष्ट मॅडमच्या मुठीत आहे. दर रविवारी त्या भाकरी खाणार, यांच्याशी हसून बोलणार, आणि माझ्याकडे बघून ती मूठ मिटलेली ठेवणार. चोरी पकडली गेल्याची लाज होतीच, पण मला उठवलं ते त्या लाजेने नाही. मला उठवलं त्या जळफळाटानेच. मी शटर ओढलं आणि सरळ गॅरेजवर गेले.

हे एका जीपचा ब्रेक सोडवत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. अंगठा, वाकलेली पट्टी, तिन्ही पत्रं.

यांनी पाना खाली ठेवला. मग एवढंच विचारलं, "फोटो चांगला व्हता?"

"हो."

"मला बघायचा व्हता गो."

मी म्हणाले, "मला मॅडमचं येणं नाही आवडत. तुम्हाला त्या नावाने हाक मारतात तेही नाही आवडत."

"मंग तसं बोलायचं. आठ म्हयने हात सोलून घेतले मी." त्यांनी चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला चोर केलास तू. त्याने काय केलं व्हतं तुजं?"

म्हाताऱ्यांचा विचार मी तोपर्यंत खरोखर केलाच नव्हता. त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं, हाताने, सगळं खरं. उत्तर आलं नाही. यायला पाहिजे असंही नव्हतं.

हे माझ्याशी भांडले नाहीत, अबोला धरला नाही. जेवायचे, बोलायचे, सासूबाईंची औषधं आणायचे. पण पुढची जाहिरात आली तेव्हा, दाराच्या हँडलची होती, यांनी तो कागद माझ्यासमोर घडी घालून खिशात ठेवला आणि रविवारी मॅडमना दिला. "जरा बघा, खरा हाये का." मॅडम गोंधळल्या. "वहिनींना दाखवा ना," म्हणाल्या. हे म्हणाले, "तुमीच बघा." मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं, ते आपले माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिले. मी चहाची किटली हातात घेऊन तशीच उभी. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

असं दीड वर्ष चाललं. मधे मास्तर गेले. त्यांच्या मासिकांचा गठ्ठा त्यांच्या मुलाने आमच्याकडे आणून टाकला. गाडीला रंग झाला, ती चालायला लागली. शेणवे गावापर्यंत एक फेरी मारली तेव्हा हे मला म्हणाले, पुढे बस. मॅडम मागे बसल्या. त्या वीसेक मिनिटांत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मग एकदा, पावसाळा सरताना, दुकानात गिऱ्हाईक असताना हे आत आले. खिशातून कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मागच्या दिव्याची लाल काच, विकणारा भुसावळचा. "हे बघ जरा," म्हणाले आणि थांबलेही नाहीत, निघून गेले.

मी तीन दिवस घेतले. फोटो मागवला, पुन्हा दुसऱ्या बाजूने मागवला, त्या माणसाशी फोनवर बोलले, काचेवरची कोरलेली अक्षरं भिंग लावून वाचली. माणूस जरा उर्मट होता, पण वस्तू खरी होती. चौथ्या दिवशी जेवताना सांगितलं, "घ्या."

"नक्की?"

"नक्की."

काच आली. रविवारी यांनी ती बसवली, मॅडम आणि मी दोन बाजूंना उभ्या होतो. स्क्रू आवळून झाल्यावर यांनी मान वर केली ती आधी मॅडमकडे, बरोबर बसली का विचारायला. मॅडमनी नुसतंच माझ्याकडे बोट केलं. मग हे माझ्याकडे वळले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पण उजवीकडे केसभर खाली आहे."

यांनी स्क्रू पुन्हा सैल केला.